दिवस राहायच्या आधी

अड्याळच्या बाजारओळीत मनोहरभाऊंचं कापडाचं दुकान होतं. आसपासच्या खेड्यांतली माणसं लग्नाचा बस्ता घ्यायला तिथेच यायची. दोन्हीकडची मंडळी गादीवर बसायची, साड्यांचा ढीग पडायचा, चहा यायचा, बायकांचं एकमत व्हायला दुपार टळून जायची. सगळं आटोपलं की भाऊ नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "चाल बावा, जरा बाहेर येतं काय?"

दुकानाला लागून एक अरुंद बोळ होता. त्या बोळात उभं राहून ते त्याच्याशी काहीतरी बोलायचे. पोरगा परत यायचा तेव्हा त्याचे कान लाल झालेले असायचे, आणि भाऊ काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं कापडाचा गठ्ठा बांधायला घ्यायचे.

बोळात ते काय सांगतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मूल पाहिजे असं दोघांनी ठरवलं की बायकोला फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करायची. लहानशी पिवळी गोळी असते, रोज एक. दिवस राहिल्यावर नव्हे, राहायच्या आधी. निदान महिनाभर आधीपासून, आणि राहिल्यावर पहिले तीन महिने. बाळाचा कणा आणि डोकं अगदी सुरुवातीला बनतं, बाईला आपल्याला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. नंतर कितीही औषध दिलं तरी ती वेळ परत येत नाही. एवढं सांगून झालं की शेवटी एक वाक्य ठरलेलं: "मी काही डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यात जाऊन नर्सबाईले विचार. पण विचारायले तू जा, तिले एकटीले नको पाठवू."

टवाळ पोरं त्यांना गोळीवाले भाऊ म्हणायची. भाऊंना ते माहीत होतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

मी लग्न होऊन त्यांच्या शेजारच्या घरात आले. माझे यजमान प्रकाश यांनाही त्या बोळात नेलेलं होतं, पण तिथं काय ऐकलं ते मला सांगायला त्यांना बरेच दिवस लागले. सांगितलं तेव्हा मी हसले. लाखनीच्या शाळेत मी नुकतीच नोकरीला लागले होते, आणि शेजारच्या कापड दुकानदारानं आपल्या पाळण्याची काळजी करावी याची मला गंमत वाटली. तरी प्रकाश दवाखान्यात जाऊन विचारून आले आणि मी गोळ्या घेतल्या. पुढे मुलगा झाला, धडधाकट झाला. गोळीमुळे झाला की तसाही झाला असता, हे कोण सांगणार? भाऊंना कळवायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं," आणि बाळाला हातात घेतलं. त्याला आपल्या मनगटावर पालथं निजवलं आणि मानेपासून कमरेपर्यंत पाठीवरून तळहात फिरवला. एकदा, सावकाश. मग माझ्याकडे परत दिलं. गावातलं कुठलंही नवं बाळ त्यांच्या हातात आलं की ते हे करायचे. लोक आधी बाळाचं तोंड बघतात, भाऊ पाठ बघायचे.

दिसायला ते काटक होते, खांद्यात थोडे वाकलेले. त्यांचे वडील विणकर. भाऊंचंही लहानपण मागावर गेलं होतं. घरातले माग एकेक करून बंद पडले, शेवटचा एक मागच्या खोलीत तसाच होता. दुकानात कोणतंही कापड आलं की ते काठ अंगठ्यानं चोळून बघायचे आणि मगच घडी मोडायचे. बाईमाणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची त्यांना सवय नव्हती. साडी दाखवताना ते साडीकडेच बघायचे, आणि गिऱ्हाईक बाईनं नापसंत केली की जणू साडीलाच वाईट वाटेल अशा हातानं तिची घडी घालायचे.

अशा माणसाला हा विषय बोलणं किती जड जात असेल, याचा विचार मी फार उशिरा केला.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून दिसायची. बोळात बोलणं चाललेलं असताना आतून पुष्पावहिनींची चाहूल लागली की भाऊंचा आवाज एकदम उतरायचा. वहिनी म्हणजे त्यांची बायको. त्या दारात आल्या की भाऊ भलतंच काही काढायचे. तलावाचं पाणी, धानाची रोवणी, लाखनीच्या रस्त्यावरचे ट्रक. वहिनी गेल्या की पुन्हा गोळीवर यायचे. बायकोसमोर लाजत असतील असं मला वाटायचं.

त्यांना एक मुलगी होती. रेणू. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जायच्या वयाची होती, पण चालत नव्हती. जन्मतःच तिच्या पाठीवर, कमरेच्या वर, गाठ होती. तिथला कणा मिटलेलाच नव्हता. नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ गेली, पाय मात्र लुळेच राहिले. लघवीची जाणीव तिला नव्हती. दर थोड्या वेळानं नळी घालून ती काढावी लागे. डॉक्टरांनी वहिनींना ते शिकवलं होतं, आणि त्यासाठी वहिनी कुठे मुक्कामाला म्हणून कधी गेल्या नाहीत. सख्ख्या भावाच्या लग्नातही जेवणं होताच परतल्या.

शाळेत भाऊ रेणूला पाठीवर घेऊन जायचे. जुन्या सुती लुगड्याची झोळी करून तिला बांधायचे आणि बाजारओळीतून चालत जायचे. ती त्यांच्या खांद्यावरून सगळ्यांशी बोलत जायची. शाळा सुटली की दुकानात घड्यांच्या थप्पीला टेकून बसायची आणि गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायची, "काकू, हा रंग तुमाले नाही शोभत. आजारी दिसता." बायका हसायच्या आणि ती म्हणेल तीच साडी घ्यायच्या. भाऊ तिला दटावल्यासारखं करायचे, पण तिच्याकडे बघत राहायचे.

एकदा माझा मुलगा तिच्या मांडीवर दिला होता. त्याचे तळपाय हातात धरून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "काकू, याचे पाय गरम लागतात. माहे सदा थंडे असतात." पुढे म्हणाली, "मी मोठी झाली का दुकान मीच चालवीन. दुकानात बसूनच राहा लागते ना?" भाऊ मागे साडी घडी करत होते. ते म्हणाले, "तूच चालवशील माय." आणि घडी चुकली म्हणून ती पुन्हा उलगडली.

बाराव्या वर्षी तिची किडनी बिघडली. धानकापणी झाली होती, हवेत गारवा होता. ताप येत-जात राहिला. आधी भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. परत येताना गाडीत ती नव्हती.

भाऊंनी दुकान बंद ठेवलं. कितीतरी दिवस ते मागच्या खोलीत मागाजवळ नुसते बसून असायचे. मग लग्नसराई आली आणि त्यांनी कुलूप काढलं. पहिला बस्ता झाला तेव्हा मी तिथेच होते. नेहमीप्रमाणे भाऊंनी नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला बोळात नेलं. थोड्या वेळानं पोरगा एकटाच आत आला. मी विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, काहीच नाही म्हणाले, नुसते उभे आहेत. त्या पोराला त्यांनी नंतर गाठून सांगितलं असणार, कारण कोणाला सोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्या दिवशी ते बराच वेळ बाहेरच होते.

त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते आमच्या अंगणात येऊन बसले. वहिनी माहेरी गेल्या होत्या. आता त्यांना जाता येत होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग भाऊंनी आपण होऊन सांगितलं.

त्यांचं लग्न झालं त्या वर्षी उपकेंद्राची नर्सबाई नव्या सुनांची घरं फिरत होती. ती यांच्याकडेही आली. वहिनींना गोळ्या दिल्या, मूल व्हायच्या आधीपासून घ्यायच्या म्हणून सांगितलं. भाऊंच्या आईनं ते ऐकलं. सून काय आजारी आहे, अजून कशात काही नाही आणि गोळ्या कशाच्या, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या काळी तीन महिने पोट कोणाला सांगत नसत, आणि ही बाई तर आधीच घरात औषध आणत होती. वहिनींनी दुकानाकडे बघितलं. भाऊ गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होते. "मी मान वर केली नाही," भाऊ आम्हाला म्हणाले. "म्हणलो, आई म्हणते तसं कर. अन् कापड मोजून राहिलो."

वहिनींनी गोळ्या नर्सबाईला परत केल्या. त्यानंतर काही महिन्यांनी रेणूचे दिवस राहिले. ती झाल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी भाऊंना एकट्याला बाजूला घेऊन समजावलं की पुढच्या खेपेला ही गोळी आधीपासून, जास्त ताकदीची, त्यांच्या सल्ल्यानं घ्यावी लागेल. गोळीचं नाव ऐकलं तेव्हा भाऊंना नर्सबाईच्या हातातली गोळ्यांची ती पट्टी आठवली. पुढची खेप काही झाली नाही. वहिनींनाच नको होती.

प्रकाशनी विचारलं, "वहिनीले हे माहीत आहे?"

भाऊ म्हणाले, "नाही. तिले वाटते नर्सबाई ताकदीच्या गोळ्या देऊन राहिली होती. तुमी नका सांगू. ती काही म्हणणार नाही मले. म्हणूनच नका सांगू."

तेव्हा मला त्यांचा उतरणारा आवाज कळला. सगळ्या तालुक्याला सांगत फिरणारा हा माणूस एका घरात मात्र ती गोष्ट लपवून जगत होता, आणि ते घर त्यांचं स्वतःचं होतं.

त्यांच्या बहिणीची मुलगी शीतल. रेणूच्या जाण्यानंतर ती सुट्टीत येऊन वहिनींजवळ राहायची, त्यामुळे आमच्याही घरातली झाली होती. तिचं लग्न बपेऱ्याला ठरलं, तुमसरच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. घर शेतीवाडीचं, चांगलं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्हीही गेलो होतो. जेवणाआधी भाऊंनी आपल्या सवयीप्रमाणे मुलाला मांडवाच्या कडेला नेलं. मुलाचे वडील मागून आले आणि त्यांनी दोन वाक्यं ऐकली. ते शांत माणूस होते असं नंतर कळलं, पण त्या दिवशी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आमच्या घरात असं कधी झालं नाही. आपल्या घरचं दुखणं आमच्या दारात काहून आणता?"

भाऊंनी हात जोडले, आणि पंगतीत अगदी टोकाला जाऊन बसले. वाढणाऱ्यानं विचारलं त्याला हो म्हणाले, नको म्हणाले, सगळं जेवले.

शीतलला गोळ्या मिळाल्या नाहीत. सासऱ्यांच्या बोलण्यानंतर नवऱ्यानं पुन्हा विषय काढला नाही, आणि तिला तर कोणी काही सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी पाचव्या महिन्यात तुमसरला सोनोग्राफी झाली. बाळाची कवटी बनलेली नव्हती. असं बाळ जगत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि जे करायचं ते तिथंच केलं.

भाऊंनी निरोप मिळाला त्याच दिवशी जायचं ठरवलं. प्रकाशनी गाडी काढली, मीही गेले. शीतलचे सासरे अंगणात खाटेवर बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत. भाऊ त्यांच्या शेजारी खाटेच्या कडेला बसले. पाणी आलं. मग सासरे खाली बघतच म्हणाले, "तुमी सांगतलं होतं."

मला वाटलं, आता. एवढी वर्षं ज्यासाठी हा माणूस स्वतःचं हसं करून घेत होता, ते सगळं या एका वाक्यात त्याच्या पदरात पडलं होतं. त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं.

भाऊ म्हणाले, "गोळी घेऊनही होते जी कधी कधी. डॉक्टरनं मले सोता सांगतलं आहे. बहुतेक टळते, सगळं टळत नाही. तुमच्या हातानं झालं असं मनात नका घेऊ."

सासरे रडले. म्हाताऱ्या माणसाला रडताना बघायची सवय नसते आपल्याला. मी आत गेले. शीतल भिंतीकडे तोंड करून निजली होती. भाऊ दारापर्यंत आले, उंबऱ्यावरच बसले. तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुहा काही दोष नाही माय." तिनं मान हलवली की नाही, मला दिसलं नाही. निघताना त्यांनी तिच्या नवऱ्याला मात्र गोठ्याजवळ गाठलं. घाई करू नका, आधी डॉक्टरकडं दोघंही जा, आता साधी गोळी पुरायची नाही, ते मोठी लिहून देतील, ती आधीपासून चालू करा. तो सगळं ऐकत होता.

परतीच्या वाटेवर प्रकाशनी विचारलं, तुम्ही त्यांना असं का म्हणालात? भाऊ म्हणाले, "खोटं नाही ते." बरंच अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाले, "मले असं कोणी म्हटलं नव्हतं."

त्यानंतरच्या लग्नसराईतली गोष्ट. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईच्या पुतणीचा बस्ता होता, म्हणून मीच त्यांना घेऊन आले होते. मुलगी बारीकशी, मोठ्या डोळ्यांची, सगळ्याला हो म्हणणारी. साड्या ठरल्या. भाऊंनी नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, चाल बावा. तेवढ्यात आतल्या दारात पुष्पावहिनी आल्या. भाऊ थांबले. मला वाटलं आता तलावाचं पाणी निघणार.

वहिनी म्हणाल्या, "बाहेर काहून नेता? इथंच सांगा. मोठ्यानं सांगा, पोरीले ऐकू जाऊ द्या."

भाऊंचा हात त्या पोराच्या खांद्यावर तसाच राहिला.

"शीतलले कोणी सांगतलं होतं?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तिच्या नवऱ्याले सांगतलं. सासऱ्यानं ऐकलं. तिले कोणी सांगतलं? मले तरी नर्सबाईनं सांगतलं होतं. मी गोळ्या परत देल्या, पण मले माहीत होतं कायच्या होत्या त्या."

दुकानातल्या कोणाला यातलं काही कळलं नाही. मंडळी एकमेकांकडे बघत होती. भाऊ हळूहळू गादीवर बसले. समोर उलगडलेली साडी होती, तिची घडी घालायला त्यांनी हात पुढे केला आणि मग मागे घेतला. वहिनी पुढे आल्या, त्या मुलीजवळ बसल्या आणि सगळ्यांसमोर तिला सांगू लागल्या. गोळीचं नाव, कधी सुरू करायची, किती दिवस घ्यायची, कोणाला विचारायचं. कोणी नको म्हटलं तर काय करायचं तेही सांगितलं. मुलगी पहिल्यांदा हो न म्हणता नीट ऐकत होती. मध्येच तिनं काहीतरी विचारलं, वहिनींनी उत्तर दिलं. भाऊ उठून मागच्या खोलीत गेले. गठ्ठा त्या दिवशी वहिनींनी बांधला.

काही दिवसांनी वहिनी आमच्याकडे शेवया करायला आल्या होत्या. मी विचारू की नको करत होते, त्याच म्हणाल्या. रेणू झाल्यावर तीच नर्सबाई लस द्यायला आली होती. तिनं पोरीची पाठ बघितली आणि ओसरीवर बसून रडली. त्या पाठीचा आणि परत केलेल्या गोळ्यांचा संबंध वहिनींना तेव्हाच कळला.

"एवढी वर्षं तुम्ही भाऊंना बोलला नाहीत?"

"काय बोलू बाई? पोरगी पाठीवर घेऊन निघाले का मी मागून पाहत राहो. त्यायले वाटे मले माहीत नाही. मी म्हणलं, तेवढं तरी वाटू द्या." त्यांनी हातातली पिठाची गोळी मळून पुन्हा मळली. "आता शीतलचं झालं. मंग नाही राहवलं."

त्यानंतर दुकानात तो बोळ कोणी वापरला नाही. वहिनी बायकांशी बोलायच्या, भाऊ पुरुषांशी, तिथंच गादीवर. भाऊ आणखी कमी बोलायला लागले. त्या दोघांमध्ये घरात काय बोलणं झालं, झालं की नाही, मला माहीत नाही. भाऊंची छाती दुखायला लागली होती, जिना चढताना दम लागायचा.

शीतलला पुढे मुलगी झाली. नीट आहे, आता पळते. ती झाली तेव्हा भाऊ नव्हते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अड्याळच्या स्टँडवर. शीतलला पुन्हा दिवस राहिले होते, अगदी सुरुवातीचे, आणि भाऊ-वहिनी तिला भेटायला बपेऱ्याला निघाले होते. चैत्रातलं ऊन होतं. शेडमधली जागा भरली होती, म्हणून भाऊ बाहेरच्या सिमेंटच्या ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला होता. मान छातीवर आली होती. वहिनी शेजारी बसल्या नव्हत्या. त्या त्यांच्या पुढ्यात उभ्या होत्या, उन्हाकडे पाठ करून, पदर डोक्यावर ओढून. मी हाक मारली तर त्यांनी बोट ओठावर ठेवलं. माझी लाखनीची बस लागली होती. मी खिडकीजवळ बसले. ऊन सरकलं तशा वहिनी थोड्या डावीकडे सरकल्या, आणि खाली बघून आपली सावली भाऊंच्या तोंडावर बरोबर पडते की नाही ते पाहिलं.